गॅस भरा म्हणण्याआधी

पाडवा झाला की आमच्या दुकानासमोर गाड्यांची रांग लागते. सोलापूरचं ऊन तोवर चाळिशीला टेकलेलं असतं. गाडी थांबते, काच चार बोटं खाली येते आणि आतून आवाज येतो, "दादा, तेवढा गॅस भरून द्या." एसीला काय होतंय हे कुणी सांगत नाही, थेट औषधच सांगतात. गावाकडे दवाखान्यात गेल्या गेल्या 'डॉक्टर, एक सलाइन लावा' म्हणणारे पेशंट असतात ना, तसं. बरं, गॅस भरला की चार दिवस बरं वाटतंही. सलाइनने पण वाटतंच.

बावीस वर्षं हेच काम करतोय, तेव्हा एक गोष्ट छातीठोकपणे सांगतो. गॅस खर्च होत नाही. पेट्रोल जळतं, इंजिन ऑइल काळं पडतं, ब्रेकचे लायनर झिजतात. एसीचा गॅस मात्र बंद नळ्यांतून नुसता गोल गोल फिरत असतो. तो कमी झाला असेल तर कुठूनतरी बाहेर गेलाय. रबरी होजमधून आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्टच्या सीलमधून वर्षानुवर्षं थोडा झिरपतो, हे मान्य. पाच-सहा वर्षांच्या गाडीत एखादवेळी भरावा लागला तर नवल नाही. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर गाडीला गळती आहे आणि तुम्ही गळक्या माठात पाणी ओतताय. त्यातही गंमत अशी की 'गॅस भरा' म्हणून आलेल्या कितीतरी गाड्यांत गॅस पुरेसा असतो आणि दोष भलतीकडेच निघतो.

एसी घरी दुरुस्त करायला मी इथे शिकवणार नाही, ते मशीनशिवाय होत नाही. पण गॅरेजची पायरी चढण्याआधी दोष साधारण कुठे आहे, याचा अंदाज कुणालाही घेता येतो. त्याला लागतो हात, कान आणि घरातला एखादा डिजिटल थर्मामीटर.

आत काय चालतं ते आधी बघू. तळहातावर स्पिरिट टाकलं की गार लागतं, कारण उडताना ते हाताची उष्णता घेऊन जातं. गाडीत हेच होतं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-134ए नावाचा गॅस असतो, उघड्या हवेत तो उणे 26 अंशांनाच उकळतो. डॅशबोर्डच्या पोटात एक जाळीदार कॉइल असते. पुस्तकात तिला इव्हॅपोरेटर म्हणतात, आम्ही कूलिंग कॉइल म्हणतो. एक्सपान्शन वाल्वच्या बारीक भोकातून द्रवरूप गॅस तिच्यात शिरतो, दाब एकदम उतरतो, गॅस उकळतो आणि कॉइल गार पडते. ब्लोअर तिच्यावरून हवा मारतो, तीच आपल्या तोंडावर येते. वाफ झालेला गॅस कॉम्प्रेसर ओढून घेतो आणि दाबतो. दाबला की तो तापतो. मग रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये तो बाहेरच्या हवेला उष्णता देऊन पुन्हा द्रव होतो. मधे ओलावा शोषायला ड्रायर असतो. एवढंच यंत्र. तर एसी केबिनमधली उष्णता उचलून बॉनेटच्या पुढे नेऊन टाकतो. ती टाकायची जागा तुंबली, तर आत कितीही गॅस असू दे, गार होणार नाही.

गार होत नाही, ते कधी?

माझ्याकडे आलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न हाच विचारतो. निम्मं निदान त्याच्या उत्तरात असतं.

हायवेला गार आणि सिग्नलला गरम, असं असेल तर कंडेन्सरकडे बघा. गाडी पळते तेव्हा वारा आपसूक कंडेन्सरमधून जातो. उभ्या गाडीत ते काम पंख्याचं. एसी चालू करा, बॉनेट उघडा आणि पंखा फिरतोय का बघा. बहुतेक गाड्यांत एसी लावल्यावर तो लगेच किंवा थोड्या वेळात फिरायला लागतो. हात मात्र लांब ठेवा, पंखा कधीही अचानक सुटतो. फिरत नसेल तर फ्यूज, रिले, नाहीतर मोटर. रिले तपासायची सोपी युक्ती म्हणजे फ्यूजच्या त्याच पेटीतला त्याच नंबरचा दुसरा रिले, हॉर्नचा वगैरे, काढून तिथे लावून बघायचा. हे मला सुरुवातीला सुचलं नव्हतं. धंद्याच्या पहिल्याच वर्षी एका टुरिस्ट गाडीवाल्याला मी नवा कॉम्प्रेसर बसवून दिला. दोन दिवसांत तो परत आला, दुखणं तेच. दोष पंख्याच्या रिलेत होता. कॉम्प्रेसरचे पैसे त्याला हप्त्याहप्त्याने परत केले. तेव्हापासून बॉनेट उघडल्यावर माझी नजर आधी पंख्यावर जाते.

पंखा फिरत असेल तर जाळीत डोकवा. ऊस वाहतुकीच्या दिवसांत आमच्याकडच्या रस्त्यांवर धूळ, पाचट आणि किडे इतके असतात की कंडेन्सरच्या पापुद्र्यांत त्यांचा थर बसतो. तो पाण्याने धुवा, पण साध्या नळाच्या दाबाने. सर्व्हिस सेंटरच्या प्रेशर पंपाने पापुद्रे आडवे होतात आणि मग हवा जायची ती वाटही बंद होते. हे धुणं फुकटातलं काम आहे आणि निम्म्या लोकांना माहीतच नसतं.

आता उलट तक्रार. सुरुवातीला छान गार, अर्ध्या-पाऊण तासाने हवाच कमी येते. मागच्या वर्षी अक्कलकोटच्या एक शिक्षिका आल्या होत्या. दोन ठिकाणी गॅस भरून झाला होता. म्हणाल्या, "तुळजापूरपर्यंत मस्त जातो, मग नुसताच घुंई आवाज येतो आणि वारा येत नाही. थोडा वेळ एसी बंद ठेवला की परत येतो." मी म्हटलं, "ताई, हे तुम्ही त्या दोघांना सांगितलं होतं का?" नव्हतं सांगितलं. "गार होत नाही" एवढंच म्हणाल्या होत्या.

ब्लोअरचा आवाज तोच, पण हवा कमी, म्हणजे वाटेत काहीतरी अडलंय. एसी बंद केल्यावर ते सुटतं, म्हणजे ते वितळतं. कूलिंग कॉइलवर बर्फ जमत होता. कॉइलवर ओल जमतेच, ती शून्याच्या खाली गेली की गोठते आणि पापुद्र्यांमधली फट बुजते. तसं होऊ नये म्हणून कॉइलच्या जाळीत एक सेन्सर खोचलेला असतो. कॉइल शून्याच्या जवळ पोचली की तो कॉम्प्रेसर थांबवायला सांगतो. त्यांच्या गाडीची कॉइल हिवाळ्यात कुणीतरी साफ केली होती आणि सेन्सरची सळई परत खोचताना जाळीत न घालता नुसती शेजारी लोंबती ठेवली होती. सेन्सर बिचारा हवेचं तापमान सांगत होता, कॉइल आत गोठत होती. डॅशबोर्डचा कप्पा उतरवला, सळई जाळीत दोन बोटं आत सरकवली, झालं. खाली बघितलं तर वितळलेल्या बर्फाचं पाणी गाडीखाली मोठं थारोळं करून बसलेलं. दोनदा भरलेला जास्तीचा गॅस मात्र काढून पुन्हा मापाने भरावा लागला.

गार कमी, हवाही कमी, पण दिवसभर सारखीच, अशी तक्रार असेल तर आधी केबिन फिल्टर काढा. बहुतेक गाड्यांत तो डॅशबोर्डच्या कप्प्याच्या मागे असतो, दोन खटके दाबले की निघतो. काळा पडलेला फिल्टर नुसता झटकून परत घालू नका, बदला. काही जुन्या किंवा खालच्या मॉडेलच्या गाड्यांत फिल्टरच नसतो. तिथे सगळी धूळ थेट कॉइलवर बसते आणि कॉइल उतरवून धुण्यावाचून इलाज नाही. खेड्यात उभ्या असलेल्या गाड्यांत आणखी एक पाहुणा असतो, उंदीर. ब्लोअरच्या पेटीत कापूस, पाला आणि शेंगांची टरफलं भरलेली मी स्वतः काढली आहेत. वायरी कुरतडलेल्या असतात ते वेगळंच.

ब्लोअर एक-दोन-तीनवर मुका आणि चारवरच सुटत असेल तर रेझिस्टर गेला आहे. छोटासा भाग असतो, स्वस्तात होतं. यात गॅसचा काडीचा संबंध नाही, तरी या तक्रारीवरही गॅस भरलेल्या गाड्या मी बघितल्या आहेत.

डाव्या बाजूला गार आणि उजव्या बाजूला कोमट, असं असेल तर दोन शक्यता. हवा गरम-गार मिसळणारी जी झडप डॅशबोर्डमध्ये असते, तिची छोटी मोटर बिघडलेली असते. अशा वेळी तापमानाचं बटण फिरवलं की आतून टकटक ऐकू येतं, प्लास्टिकच्या दातऱ्याचा दात तुटलेला असतो. किंवा गॅस कमी असतो आणि कॉइलचा अर्धाच भाग गार पडतो. या दोन्हींतला फरक बोटांनी कळतो.

हात आणि कान

इंजिन चालू, एसी पूर्ण थंडीवर, आतली हवा फिरवायचं बटण दाबलेलं, ब्लोअर मधल्या वेगावर, गाडी सावलीत. पाच-दहा मिनिटं चालू द्या. आरपीएम 1500 च्या आसपास ठेवायला कुणाला तरी आत बसवा. मोकळ्या जागेत करा, बंद पडवीत किंवा गॅरेजचं शटर ओढून नको. धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणसाला झोपेतच नेतो.

थर्मामीटरचं टोक मधल्या व्हेंटमध्ये खोचा. बाहेर 35 अंश असतील तर चांगला एसी तिथे साधारण 7 ते 12 अंश दाखवतो. सोलापुरात 42 असताना 14 आले तर कुरकुर करू नका. आमच्याकडची हवा कोरडी. रत्नागिरी, मालवण, मुंबईकडे हवेत ओल जास्त, तिथे एसीची बरीच ताकद नुसतं पाणी पिळून काढण्यात जाते. म्हणून तीच गाडी कोकणात नेली की व्हेंटमधून तेवढी गार हवा येत नाही. नागपूरचे पाहुणे कोकणातून परत येताना "एसी बिघडला वाटतं" म्हणतात, त्यातले काही एसी ठणठणीत असतात.

आता कान. एसीचं बटण दाबल्यावर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी 'टक' असा आवाज यायला हवा. पुलीच्या पुढची चकती त्या टकबरोबर पुलीला चिकटते आणि फिरायला लागते. चकती स्थिर आणि मागची पुलीच फिरते आहे, तर क्लच लागलेला नाही. क्लच लागत नसेल तरी लगेच कॉम्प्रेसर मेला म्हणू नका. गॅस फार कमी असेल तर प्रेशर स्विच मुद्दाम क्लच लागू देत नाही, कारण गॅसबरोबरच कॉम्प्रेसरचं तेल फिरत असतं, गॅस नसेल तर तेल नाही आणि तेल नसेल तर कॉम्प्रेसर आवळतो. इंजिन जास्त तापलं तरी गाडीचा कॉम्प्युटर आधी एसी तोडतो. फ्यूज, रिले, सुटलेली वायर हेही असतंच. क्लच लागतो आणि चार-पाच सेकंदांत सुटतो, पुन्हा लागतो, पुन्हा सुटतो, असं सारखं होत असेल तर गॅस कमी असल्याची ती नेहमीची खूण. हल्लीच्या काही गाड्यांत क्लच नसलेला कॉम्प्रेसर असतो, तो सतत फिरतो आणि आतल्या आत कमी-जास्त होतो. तिथे टक येणारच नाही, घाबरू नका.

मग हात. डॅशबोर्डकडून कॉम्प्रेसरकडे जाणारी जाड नळी म्हणजे सक्शनची. ती उन्हाळ्यात माठाच्या बाहेरच्या अंगासारखी गार आणि घामेजलेली असायला हवी. कंडेन्सरकडून आत जाणारी बारीक नळी कोमट किंवा चांगली गरम असते. कॉम्प्रेसरमधून कंडेन्सरला जाणारी नळी मात्र चटका देते, तिला बोट लावू नका.

या तीन नळ्यांवर बरंच कळतं. जाड नळी बर्फासारखी गार आणि व्हेंटमधून कोमट हवा, तर एसी आपलं काम करतोय, हवेच्या झडपेत गडबड आहे, हीटरची गरम हवा मिसळते आहे. मघाच्या टकटकीचा निकाल इथे लागतो. जाड नळी नुसतीच कोमट आणि क्लच लागलेला, तर गॅस कमी किंवा कॉम्प्रेसर ओढत नाही. बारीक नळी मधेच एका ठिकाणी गार पडलेली किंवा तिच्यावर दव धरलेलं, तर त्या जागी आत कचरा अडकलाय.

आता माझी आवडती खूण. टॉर्च घ्या आणि नळ्यांचे सांधे, कॉम्प्रेसरचं तोंड, कंडेन्सरची जाळी आणि गॅस भरायच्या दोन्ही पिना नीट बघा. गॅसबरोबर तेल फिरतं हे मघाशी सांगितलं. जिथून गॅस निसटतो तिथून तेलाचा ओलावाही निसटतो आणि त्यावर रस्त्याची धूळ बसते. बाकी सांधा कोरडा, करडा, आणि एका जागी रुपयाएवढा काळा चिकट डाग, तीच गळती. बोटाने पुसा, बोट तेलकट होईल. त्यावर साबणाचा फेस लावला आणि बुडबुडा फुगला तर शंकाच संपली. फेस येत नाही म्हणून गळती नाही असं मात्र नाही. बारीक गळती फेसाला दाद देत नाही. कंडेन्सरला रस्त्यावरचा खडा लागून पडलेलं भोक असं डोळ्यांनी सापडतं. कोकणात खाऱ्या हवेने कंडेन्सरची जाळी पांढरी पडून पोखरलेली दिसते. कूलिंग कॉइल गळत असेल तर ती डॅशबोर्डमध्ये लपलेली, डोळ्यांना दिसत नाही. अशा वेळी आम्ही गॅसमध्ये रंग सोडतो आणि काही दिवसांनी पाणी बाहेर पडायच्या नळीच्या तोंडाशी अतिनील दिव्याने तो रंग शोधतो.

गेज लावल्यावर

मेकॅनिक निळ्या आणि लाल नळ्यांचं गेज लावतो तेव्हा त्याच्या शेजारी उभे राहा. चांगला मेकॅनिक चिडत नाही, उलट सांगतो.

इंजिन बंद असताना दोन्ही काटे सारखे असतात. इथे फसवणूक होते, काही वेळा मेकॅनिकचीही. बंद गाडीत दिसणारा दाब गॅस किती आहे हे सांगत नाही, तो फक्त तापमान सांगतो. 30 अंशाला आर-134ए साधारण 97 पीएसआय दाखवतो, 40 अंशाला 130 च्या वर. आत 450 ग्रॅम असोत की 250, जोवर थोडा द्रव शिल्लक आहे तोवर आकडा तोच. घरातल्या सिलिंडरचंही तसंच असतं, अर्धा असला तरी शेगडी जोरात पेटते. म्हणून "बघा साहेब, शंभर आहे, गॅस फुल्ल आहे" हे वाक्य ऐकलं की समजा, पुढे तपासायचं राहिलंय. काटा 30-40 वर पडला असेल तर मात्र गॅस जवळजवळ गेलेला आहे.

खरं वाचन इंजिन चालू असताना. निळी नळी लो साइडची, लाल हाय साइडची. लो साइडला 28 पीएसआय म्हणजे कॉइलमध्ये शून्य अंश. त्याच्या बरंच खाली काटा गेला की बर्फाची भीती. ठीक असलेल्या गाडीत लो साइड तीस-चाळीसच्या मधे आणि हाय साइड, आपल्या उन्हाळ्यात, दोनशे ते अडीचशेच्या आसपास असते. दोन्ही काटे खाली, तर गॅस कमी. दोन्ही वर, तर गॅस जास्त, किंवा पंखा-कंडेन्सर, किंवा आत हवा शिरलेली. लो वर आणि हाय खाली असा उलटा डाव दिसला, तर कॉम्प्रेसर थकलाय. लो साइड पार व्हॅक्यूममध्ये गेली तर एक्सपान्शन वाल्व किंवा ड्रायर तुंबलाय. हे नियम सगळ्याच गाड्यांना जसेच्या तसे लागत नाहीत. व्हेरिएबल कॉम्प्रेसरमध्ये काटे फसवे असतात.

गॅस जास्त भरल्याने जास्त गार होतं, हा गैरसमज घालवायला मला बावीस वर्षं पुरली नाहीत. छोट्या गाडीत मुळात साडेतीनशे ते पाचशे ग्रॅम मावतो. नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये छापलेला असतो, गॅसचं नावही तिथेच. शंभर ग्रॅम जास्त घातला की कंडेन्सरमध्ये द्रव साचतो, दाब चढतो, कॉम्प्रेसर कण्हायला लागतो आणि गार उलट कमी होतं. म्हणून गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा, गेज बघून नाही. हाताने लावायचे छोटे कॅन मिळतात, त्यांना वजन कळत नाही आणि जुना गॅस किती उरलाय हेही कळत नाही. चुकून हाय साइडला कॅन लावू नये म्हणून दोन्ही तोंडांची मापं वेगळी केलेली असतात. जुगाड करून तो लावणारे तरीही भेटतात, आणि मागचा दाब कॅनमध्ये शिरून कॅन फुटतो. गॅस हातावर उडाला तर कातडी भाजल्यासारखी गोठते. गळती बंद करणारं म्हणून एक औषध बाटलीत मिळतं, तेही घालू नका. ते वाल्व बुजवतं आणि नंतर तुमच्या गाडीला आमचं मशीन लावायला आम्हीच घाबरतो.

गळती सापडून दुरुस्त झाली की क्रम असा असतो. नळी उघडली असेल तर ओ-रिंग नव्या, ड्रायरही नवा, कारण उघड्या हवेत तो ओल पिऊन बसतो. मग नायट्रोजनने दाब देऊन तपासणी. मग किमान अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे आतली हवा आणि ओल दोन्ही निघून जातात. पंप बंद करून काटा हलतो का हे दहा मिनिटं बघायचं. मगच वजनाने गॅस आणि गेलेलं तेल मोजून. जो पाच मिनिटांत व्हॅक्यूम उरकतो तो ओल आत ठेवतो, आणि ती ओल पुढे वाल्वच्या भोकाशी गोठते. जुना गॅस हवेत सोडून देण्याची आपल्याकडे सवय आहे, ती वाईट. एक किलो आर-134ए हवा तापवण्याच्या बाबतीत सुमारे 1,430 किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. गॅस ओढून घेणारं मशीन असलेलं दुकान निवडा.

पाण्याचं तेवढं सांगून टाकतो. गाडीखाली पाणी ठिबकतंय म्हणून घाबरून येणारे बरेच असतात. ते कॉइलवरचं पाणी, ठिबकायलाच हवं. ठिबकायचं थांबलं आणि डाव्या बाजूच्या सीटपुढची चटई ओली झाली, तर पाण्याची नळी तुंबलीय. खालून एक हवेचा फटका मारला की मोकळी होते. आंबूस वास येत असेल तर कॉइलवर बुरशी आहे. घरी पोचायच्या पाच मिनिटं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवायची सवय लावा, कॉइल सुकते. गोडसर वास आणि काचेवर आतून तेलकट धुकं असेल तर तो एसी नव्हे, हीटरच्या कॉइलमधून कूलंट गळतोय. त्यात वेळ घालवू नका, इंजिन तापेल.

आणि इलेक्ट्रिक गाडी असेल तर वरचं बाहेरून बघायचं तेवढंच बघा. तिथे कॉम्प्रेसर शेकडो व्होल्टवर चालतो, नारिंगी वायरी दिसल्या की हात मागे. तेलही वेगळं लागतं, साध्या गाडीचं तेल त्यात गेलं तर वीज गळायला लागते. मी स्वतः ट्रेनिंग घेतल्याशिवाय त्या गाड्यांना हात लावत नव्हतो.

गॅरेजमध्ये गेल्यावर 'एसी बघा' म्हणू नका. 'उभ्या गाडीत गरम, पळताना गार, पंखा फिरतोय, जाड नळी कोमट, डाव्या सांध्यावर काळा डाग' असं सांगा. मोबाइलवर लिहून आणलंत तरी चालेल, त्या अक्कलकोटच्या ताई आता तसंच आणतात. बिलावर एवढं मागून घ्या: गळती कुठे सापडली, जुना गॅस किती ग्रॅम निघाला, नवा किती घातला, व्हॅक्यूम किती वेळ धरला. आकडे लिहायला का-कू करणारा असेल तर दुसरं दुकान बघा. तो कागद गाडीच्या कप्प्यात ठेवा. पुढच्या पाडव्याला गार कमी वाटलं तर तो घेऊन या, गेल्या वेळी घातलेल्या चारशेतले किती उरले ते आपण वजन करून बघू.